ढिगाऱ्यावरचा सेंटर फॉरवर्ड

चहा संपला की काका ग्लास उलटा करायचे. बाकड्यावर, टप्पकन. मग शेजारच्याचा ग्लास, त्यात चहा असला तरी, बोटाने वीतभर पुढे ढकलायचे आणि म्हणायचे, "हा गोलकीपर. हा बॅक. आता बॉल तुह्याजवळ आहे. सांग, कुठून मारशीन?"

चहावाला भट्टीमागून ओरडायचा, "ओ काका, टीम खाली उतरवा! मले गिऱ्हाइकाले चहा द्याचा आहे."

"तुहा चहा पेते कोण बे? मी आहो म्हणून ग्लास तरी कामाले येऊन राहिले."

हे रोज संध्याकाळी पाचला, तालुक्याच्या मैदानासमोरच्या टपरीवर. तुमच्याही गावात असा एक म्हातारा असेल, ज्याला जुन्या खेळाडूंची नावं पाठ असतात आणि जो हल्लीच्या पोरांना काही येत नाही म्हणून कुरकुरतो. काका कुरकुरत नसत. कोणी एखाद्या जुन्या खेळाडूचं नाव काढलं की ते एवढंच विचारायचे, "तू पाह्यला का त्याले खेळताना?" समोरचा नाही म्हणाला की विषय संपला. "मंग चहा पे."

बाहेरच्यांना आमच्याकडचा फुटबॉल समजावून सांगावा लागतो. भंडारा म्हटलं की लोकांना धान आणि तलाव आठवतात. पण नाकाडोंगरीच्या पलीकडे जंगलाला लागून मँगनीजच्या खाणी आहेत, आणि एकेकाळी खाण तिथे टीम होती. या टीममध्ये हौशे-गवशे नसायचे. ज्याचा पाय चांगला त्याला खाणीवर नोकरी. हजेरीपटावर तो फिटर असायचा, चौकीदार असायचा, खलाशी असायचा. खरं काम बॉल मारण्याचं. दुपारनंतर सराव, वर्षाला एक जोडी बूट, कॉलनीत क्वार्टर. खाणींची आपसात स्पर्धा व्हायची. तिला सगळे 'शिल्ड' म्हणायचे. शिल्ड जिंकणाऱ्या खाणीचा मॅनेजर वर्षभर छाती काढून फिरायचा.

काका त्यातल्याच एका खाणीवर पंपाचे खलाशी होते. खड्ड्यात साचलेलं पाणी उपसायचं, एवढंच त्यांचं काम. ती खाण आता बंद आहे. खड्डा पाण्याने भरलाय, पंप भंगारात गेलाय. काका तेवढे उरले होते, टपरीवर, ग्लास उलटे करत.

मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. मी पत्रकं लिहितो. कॉलेजात असल्यापासून लिहितो, आमच्या छोट्या संघटनेसाठी, स्वतः छापून आणतो आणि स्वतः वाटतो. तालुक्याच्या मैदानाचं नवीन बांधकाम झालं आणि गेटजवळ एक 'गौरव भिंत' उभी राहिली. काळा चकचकीत दगड, त्यात जुन्या फुटबॉलपटूंची नावं कोरायची. अकराच. गौरव समितीने म्हणे ठरवलं होतं की टीम अकराची, तर नावंही अकराच. पहिली यादी कोणीतरी व्हॉट्सॲपवर फोडली. पहिलं नाव एका खाणीच्या मॅनेजरचं होतं. हा माणूस कॅप्टन म्हणून टॉसला मैदानात यायचा आणि टॉस झाला की खुर्चीत जाऊन बसायचा. दुसरं नाव एका ठेकेदाराच्या भावाचं. ज्यांनी उन्हात धावून शिल्ड आणली त्यांचा पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. दोन दिवसांत पत्रक काढलं: 'भिंत कोणाची?'

टपरीवर वाटत होतो. काकांनी एक घेतलं, चष्मा नसल्याने हात लांब करून शेवटपर्यंत वाचलं, आणि परत दिलं.

"सहा डाव 'निषेध' लिवलं," ते म्हणाले. "एक डाव बी 'गोल' नाही लिवलं. कोन खेळला ते मालूम आहे का तुले, परचेवाले?"

मला मालूम नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसवणं सोपं नाही, हे मला ओळखणारे सांगतील.

तेव्हापासून मी रोज पाचला तिथे बसू लागलो. समितीचे सचिव गुरुजीही यायचे. निवृत्त शिक्षक, पांढरा शर्ट, काखेत फाइल. फाइलमध्ये जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. गुरुजींनी आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता, पण सगळ्या सामन्यांचा निकाल त्यांच्याकडे होता. काकांकडे एकही कागद नव्हता, पण त्यांनी सगळे सामने पाहिले होते. या दोघांचं भांडण म्हणजे आमच्या टपरीची करमणूक.

"पवनीचा राइट आउट घ्यावाच लागेल," गुरुजी म्हणायचे. "चार कात्रणं आहेत त्याची."

"तो एकटा असला का लय बेस," काका एक ग्लास कडेला सरकवून म्हणायचे. "पास द्याची पाळी आली का त्याचा पाय लुळा होते. कात्रणात हे लिवलं आहे का?"

"कात्रणात असं लिहीत नसतात."

"मंग कात्रण कायले पाह्यता?"

आंधळगावच्या एका गोलकीपरसाठी काका आठ दिवस भांडले. कोष्ट्याच्या घरचा माणूस. लहानपणापासून हातमागावर बसलेला. धोटा इकडून तिकडे जावा तसा हा गोलच्या एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जायचा, असं काका उठून, दोन्ही हात पसरून, टपरीच्या दोन बांबूंमध्ये करून दाखवायचे. एकदा त्यात चहावाल्याची बिस्किटांची बरणी गेली. गुरुजींनी शेवटी तो गोलकीपर मान्य केला. मला वाटतं दुसरी बरणी वाचवायला चहावाल्यानेही मत दिलं.

आणि काका आपल्या माणसांनाही सोडत नसत. त्यांच्याच खाणीचा एक हाफबॅक, त्यांचा जिगरी दोस्त. मी म्हटलं, काका, तुमचा दोस्त आहे, त्याला घ्यायचं ना? काका म्हणाले, "दोस्त आहे म्हणूनच सांगतो. तो मांगून टांग मारे. त्याचं नाव दगडात कोरलं तर दगड लंगडा होईन." त्या दोस्ताचा मुलगा तिथेच बसला होता. तोही हसला.

असं करत करत बाकड्यावर दहा ग्लास उलटे झाले. म्हणजे काकांची टीम. अकराव्या जागी, मध्ये, पुढे, ते काहीच ठेवत नसत.

"सेंटर फॉरवर्ड कोण, काका?" मी एक दिवस विचारलं.

"आहे एक," ते म्हणाले आणि उठले. "चाल, पानी भराचं आहे मले."

नळाला पाणी सकाळी येतं, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि फाइल उघडली. एक पिवळं कात्रण. काकांच्या खाणीने शिल्ड जिंकली त्या अंतिम सामन्याची बातमी. तीन गोल, तिन्ही एकाच खेळाडूचे. खाली नाव काकांचं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मागे प्रमाणपत्राची झेरॉक्स, 'उत्कृष्ट सेंटर फॉरवर्ड', त्यावरही काकांचंच नाव.

"एवढा मोठा खेळाडू," गुरुजी म्हणाले, "आणि स्वतःबद्दल एक शब्द बोलत नाही. मी दहा वेळा विचारलं. म्हणतात, ते कात्रण फेकून द्या."

मी थेट काकांच्या घरी गेलो. जुन्या कॉलनीतलं क्वार्टर, दोन खोल्या, पुढे पेरूचं झाड. कात्रणाचा फोटो मोबाइलवर दाखवला. काकांनी पाहिला आणि मोबाइल पालथा करून खाटेवर ठेवला.

"हे मी नव्हो."

"नाव तर तुमचंच आहे."

"नाव माहं आहे. गोल बुधरामचे आहेत."

मग त्यांनी सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहितो, यात माझी भर नाही.

शिल्डचा नियम होता: टीममध्ये फक्त खाणीचे कायम कामगार. बुधराम ठेकेदाराकडचा. नाकाडोंगरीकडच्या जंगलातल्या गावाचा गोंड माणूस, डोक्यावर पाटी घेऊन दगड वाहायचा. सुट्टीत पोरांबरोबर अनवाणी खेळताना मॅनेजरने, भिंतीच्या यादीत पहिलं नाव असलेल्या त्याच माणसाने, त्याला पाहिला आणि मॅनेजरची झोप उडाली. असा पाय अख्ख्या पट्ट्यात नव्हता. पण बुधरामला कायम करायचं तर वरून मंजुरी, कागद, वर्षभराची वाट. शिल्ड पंधरा दिवसांवर. मॅनेजरने काकांना बोलावलं. काका कायम कामगार होते, वय-उंची साधारण तेवढीच. म्हणाला, तुझं कार्ड दे. पंधरा दिवस बुधराम तू आहेस.

"अन तुम्ही दिलं?"

"साहेबानं मांगलं तर कोन नाही म्हनते? अन मले वाटलं, चांगलंच आहे. पोट्टा खेळन. साहेब म्हने, या वर्षी तुह्या नावावर खेळू दे, पुढच्या वर्षी त्याले कायम करतो."

सामन्याच्या दिवशी काकांनी मैदानावर दिसायचं नाही, असा हुकूम होता. एका नावाची दोन माणसं एका जागी नकोत. काकांनी पंप चालू ठेवला आणि खाणीतून काढलेल्या मातीचा जो उंच ढिगारा मैदानामागे होता, त्यावर चढून बसले. तिथून सगळं दिसायचं. बुधरामला बूट दिले होते. पहिल्या दहा मिनिटांत त्याने ते काढून गोलच्या मागे फेकले. मग तीन गोल मारले. तिसरा गोल काकांनी मला खाटेवर चमचा, तंबाखूची डबी आणि माझा मोबाइल मांडून दाखवला. दोन बॅक त्याच्या अंगावर आले, त्याने बॉल मारला नाही, नुसता थांबवला. दोघे एकमेकांवर आदळले. मग हळूच, टाचेने.

"लोकं नाव वरडून राहिले होते," काका म्हणाले. "माहं नाव. पुरं मैदान. अन मी ढिगाऱ्यावर एकटा बसून टाळ्या वाजवत होतो."

ते थोडं हसले. मग हसू गेलं.

"पुढच्या वर्षी साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाले फुटबॉलचं काही नव्हतं. बुधराम पाटीच वाहात राह्यला, खान बंद होतवर. मंग गावाले गेला. मोहफुलं येचे, तेंदूपत्ता तोडे. मेला. त्याच्या मातीले मी गेलो होतो. अन हे क्वार्टर," त्यांनी हाताने छताकडे दाखवलं, "हे खेळाडूच्या कोट्यातून भेटलं. मले."

मी क्वार्टरकडे पाहिलं. मी तिथे पाहू नये असं त्यांना वाटलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "त्याचं नाव लिव भिंतीवर. आतापरेंत मी कोनाले बोललो नाही, भ्यालो. आता बोलतो. माहं नको, त्याचं लिव."

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? एक माणूस स्वतःचा मान सोडायला तयार आहे, साक्षीदार आहे, कोरायची आहेत अकरा नावं. मलाही तसंच वाटलं. काकांनी धुतलेला शर्ट घातला आणि आम्ही दोघे समितीच्या बैठकीला गेलो.

काकांनी उभं राहून सगळं सांगितलं. बारा माणसं ऐकत होती. अध्यक्ष मध्येच फोनवर बोलून आले. शेवटी म्हणाले, "काका, तुमच्या भावना कळतात. पण बुधरामचा एक तरी कागद आहे का? फोटो?"

"फोटो कोन काढन त्याचा? तो तर नव्हताच ना तिथं. कागदावर मी होतो."

"तेच तर आम्ही म्हणतो."

आणि मग गुरुजी बोलले. गुरुजी वाईट माणूस नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. म्हणाले, "हे आपण मान्य केलं तर खोट्या नावाने माणूस खेळवला असं होईल. मग ती शिल्डच रद्द धरावी लागेल. त्या टीममधले आणखी तिघे आपल्या यादीत आहेत. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं?"

कळलं तुम्हाला? मॅनेजरने नियम मोडला, आणि शिक्षा बुधरामला. मॅनेजरचं नाव यादीत पहिलंच राहिलं. त्याच्यावर कोणी एक अक्षर काढलं नाही.

बाहेर येऊन काका पायरीवर बसले. "नाही मानत," एवढंच म्हणाले.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती लपवून हे सगळं लिहिणं म्हणजे मी समितीच्याच रांगेत बसणं.

चळवळीत आम्हाला एक गोष्ट शिकवली जाते: जे सिद्ध करता येतं ते आधी मागा. दार थोडं उघडलं की मग बाकीचं आत ढकला. बुधरामचा कागद नव्हता. काकांचा होता. काकाही कामगारच, पंपावरचे. मी विचार केला, आधी एक कामगार भिंतीवर जाऊ द्या. मॅनेजर आणि ठेकेदाराच्या भावाच्या रांगेत एका खलाशाचं नाव घुसलं की भिंतीचा रंग बदलेल. मग बुधरामचा लढा वरच्या पायरीवरून लढू. आणि दुसरी सवय अशी की पत्रकाला चेहरा लागतो. बुधरामचा चेहरा कुठून आणणार? काकांचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, ग्लास हातात घेतलेला, हसणारा. मी ग्लास कापला, चेहरा ठेवला. वर मथळा: 'पंपावरचा राजा: तीन गोल, शून्य सन्मान!' काकांना विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

तालुक्यात पत्रक फिरलं. माझं इतकं गाजलेलं पत्रक दुसरं नाही. समिती आठ दिवसांत तयार झाली. इतक्या सहज तयार झाली की तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांना काय हवं होतं? कागदाला धक्का लागू नये, आणि माझं तोंड बंद व्हावं. मी दोन्ही त्यांना घरपोच दिलं.

काका टपरीवर आले, पत्रकाची घडी खिशातून काढली, माझ्यापुढे ठेवली.

"मी तुले काय सांगतलं होतं?"

"काका, ऐका ना. ही पहिली पायरी आहे. आधी तुमचं नाव, मग त्याच्यावर उभं राहून बुधरामचं. मी सोडणार नाही, शब्द देतो."

काकांनी पत्रकाची घडी परत उचलून खिशात घातली. आवाज चढवला नाही.

"मॅनेजर बी अस्संच बोलला होता," ते म्हणाले. "या वर्षी याचं नाव, पुढच्या वर्षी त्याचं."

चहावाल्याने त्या दिवशी माझे पैसे घेतले नाहीत. दया आली असेल, किंवा मी उठून जावं असं वाटलं असेल.

अनावरणाचा कार्यक्रम मोठा झाला. मंडप, बँड, आमदारांच्या शुभेच्छांचा फलक. अकरांपैकी जिवंत चारच होते. त्यांना स्टेजवर बसवलं. काकांना त्यांचा मुलगा घेऊन आला. मुलगा भंडाऱ्याला एका दुकानात कामाला आहे, साधा माणूस, बापाचा फोटो पत्रकात पाहून पहिल्यांदाच बापाकडे वर मान करून बघत होता. शाल झाली, नारळ झाला. काकांनी अध्यक्षांकडे माइक मागितला.

मी गर्दीत शेवटी उभा होतो. मनात म्हटलं, आता फुटेल.

"मी खेळलो नाही," काका माइकमध्ये म्हणाले. "सांगून राहिलो, ऐका. मले बॉल मारता येत नाही. माहं नुसतं नाव होतं. खेळला तो बुधराम. हे नाव इथून काढा, अन त्याचं लिवा."

पुढच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. लोक हसत होते, प्रेमाने हसत होते. अध्यक्षांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून माइक अलगद काढून घेतला. "बघा मंडळी! तीन गोल मारणारा माणूस म्हणतो, मला बॉल मारता येत नाही. आणि श्रेय सहकाऱ्याला देतो. आजच्या पिढीने शिकावं असा हा विनय!"

पुन्हा टाळ्या. मैदानभर काकांचं नाव. ते हात हलवून नाही नाही म्हणत होते आणि लोकांना वाटत होतं, हात उंचावून अभिवादन करतायत.

मंडप उठल्यावर मी जवळ गेलो. नारळ त्यांच्या मांडीवर होता. म्हणाले, "आता माहं नाव कुठं लिवू नको. बस झालं." म्हणून या पूर्ण लेखात ते नाव नाही. वाचायचं असेल त्यांनी भिंतीवर वाचावं. एवढी एक गोष्ट मी त्यांची ऐकली, तीही उशिरा.

त्यानंतर काका टपरीवर आले नाहीत. नगरपालिकेत त्यांनी अर्ज दिला, स्वतःच्या हाताने लिहिलेला, मला न विचारता: माझे नाव काढण्यात यावे. बाबूने तो उलटसुलट पाहिला. नाव घालण्याचे अर्ज त्याच्याकडे ढीगभर होते. नाव काढण्याचा अर्ज कोणत्या टेबलावर जातो हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तो क्रीडा विभागाकडे पाठवला, क्रीडा विभागाने समितीकडे, समितीने गुरुजींकडे. गुरुजींनी तो फाइलमध्ये लावला.

मग एक वेगळंच सुरू झालं. सकाळी पोरं सरावाला यायच्या वेळी काका मैदानात फिरायला येऊ लागले. गेटजवळच्या नळावर हातपाय धुवायचे, खांद्यावरचा दुपट्टा ओला करून पिळायचे आणि भिंतीवर वाळत घालायचे. भिंतीला वर बोटभर पाळ आहे, तिथे दोन दगड ठेवून दुपट्टा खाली सोडायचे. त्यांचं नाव वरून तिसरं होतं. दुपट्टा बरोबर तिथपर्यंत यायचा. मॅनेजर आणि ठेकेदाराचा भाऊही त्यात झाकले जायचे, पण ते काकांच्या मनात नसावं.

मैदानाचा चौकीदार तापायचा. "काका, ही काय धोबीघाटाची भिंत आहे? साहेब मले बोलतीन."

"वाळला का नेतो ना बाप्पा."

"रोज कायले इथंच वाळवता? घरी दोरी नाही का?"

"इथं ऊन चांगलं पडते."

चौकीदार दुपट्टा काढून घडी करून गेटवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा घालायचे. मी दोनदा लांबून पाहिलं. जवळ जायची हिंमत झाली नाही. पत्रकात निषेध लिहिणं सोपं असतं. दुपट्टा वाळत घालायला रोज सकाळी उठावं लागतं.

पावसाळा संपता संपता काका गेले. तापाने, चार दिवसांत. मला कळलं ते चौकातल्या फ्लेक्सवरून: काकांचा माझ्याच पत्रकातला फोटो, बाजूला फुटबॉल, खाली 'फुटबॉलचा राजा हरपला'. शोकसभेत अध्यक्षांनी तिसऱ्या गोलचं वर्णन केलं. चुकीचं केलं. म्हणाले, जोरदार फटका मारला.

मी दुसरं पत्रक काढलं. सगळं खरं लिहिलं: कार्ड, ढिगारा, बुधराम. लोकांनी ते वाचलं आणि माझ्यावर तुटून पडले. मेलेल्या माणसावर चिखलफेक, म्हणाले. तूच आधी राजा केलास आणि आता तूच खोटारडा ठरवतोस. काकांचा मुलगा टपरीवर आला. मारेल असं वाटलं. मारलं नाही.

"भाऊ, आमच्या बाबाले आयुष्यात कोनी एक डाव विचारलं नाही," तो म्हणाला. "आता लोकं नाव घेऊन राहिले. माही पोरगी शाळेत सांगते, माह्या आजोबानं तीन गोल मारले. तुमाले कायले उकराचं आहे?"

"बाबांनीच सांगितलं होतं, नाव काढा म्हणून."

"बाबा भोळे होते," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

काकांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मुलाने भिंतीवर हार घातला. खऱ्या फुलांचा वाळतो म्हणून प्लॅस्टिकचा, पिवळा, मोठा. वाऱ्याने पडू नये म्हणून चौकीदारानेच दगडाच्या फटीत दोन खिळे ठोकून दिले. हार त्या एकाच नावाभोवती बसतो, मधोमध अक्षरं स्वच्छ दिसतात. मी अधूनमधून तिथून जातो. दुपट्टा चौकीदार रोज काढायचा. हाराला अजून कोणी हात लावलेला नाही. मीही नाही.